दरबारात भूत शिरलं की… राजकारण आणि अद्भुत एकत्र खेळवताना या चुका टाळा

प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि टेबलाभोवती बसून मिळून गोष्ट घडवायची, अशा खेळासाठी (रोल-प्लेइंग गेम म्हणतात त्याला) तीन आठवडे खपून मी एका राजाचा खून रचला होता. पाच संशयित, प्रत्येकाकडे मारायला सबळ कारण, दोन बनावट पत्रं, गहाळ झालेली राजमुद्रा आणि राजवैद्याच्या वहीतली एक खाडाखोड. सहा-सात सेशन्स, म्हणजे खेळाच्या बैठका, सहज निघतील असा हिशोब होता. पहिल्याच सेशनला प्रेत दरबारात आणलं, आणि पुरोहिताचं पात्र खेळणाऱ्या मैत्रिणीने आपल्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राला काय काय येतं ते लिहिलेल्या कागदावर, बोट ठेवून विचारलं, "माझ्याकडे प्रेताशी बोलायचा मंत्र आहे. राजालाच विचारू का, कोणी मारलं ते?"

मी गडबडले. "मंत्र चालत नाही," म्हणाले. "का?" "राजवाड्याला… संरक्षण आहे. जुनं." टेबलाभोवती कोणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. सगळे नुसते "बरं" म्हणाले आणि एकाने फोन उघडला. त्या दिवशी राजापेक्षा आमचं सेशन जास्त मेलं.

त्यानंतर असे खेळ बरेच चालवले, कधी टेबलाभोवती फासे टाकत, कधी आळीपाळीने मजकूर लिहीत. कारस्थानं आणि भुतंखेतं एकत्र आणली की माणसं त्याच त्या खड्ड्यांत पडतात, हे मी बघत आलेय. स्वतःही पडलेय. त्यातले मोठे खड्डे इथे दाखवते. खेळ चालवणाऱ्याला जीएम, डीएम काहीही म्हणतात. मी सूत्रधार म्हणेन, इतका नेमका शब्द हाताशी असताना दुसरा कशाला शोधायचा?

दोन गोष्टी शेजारी-शेजारी चालवणं

लक्षण ओळखायला सोपं आहे. एक सेशन दरबाराचं, पुढचं भुयाराचं. ज्याला दरबारात रस आहे तो भुयारात जांभया देतो, आणि तहाच्या अटी चालू असताना तलवारवाला फाशांवर फासे रचून मनोरा करत बसतो. मग सूत्रधार विचारतो, प्रमाण किती ठेवू? साठ-चाळीस? निम्मं-निम्मं?

हा प्रमाणाचा प्रश्नच फसवा आहे. दोन वेगळ्या गोष्टी कितीही काटेकोर मोजून आलटून पालटून सांगितल्या तरी त्या दोनच राहतात. दरबारातल्या मोठ्या प्रश्नात अद्भुताचा हात हवा आणि प्रत्येक भुतामागे कोणाचा तरी नफा-तोटा. ही गाठ नीट बसली की कशाला किती वेळ मिळाला हे मोजायची कोणाला आठवणही होत नाही.

राजकारण ही या खेळांत मागाहून घातलेली भरसुद्धा नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव, आणि सेनापतींच्या जोडीला काही खेळाडूंना चक्क गावातल्या माणसांच्या भूमिका: महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलपती. प्रत्येकाचा हेतू वेगळा. झालं असं की खेळाडू पटावरच्या सैन्याकडे बघेचनात. कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी सौदे करायला लागले. वेस्लींना वाटलं खेळ फसला. खेळाडूंनी मात्र पुन्हा कधी, पुन्हा कधी म्हणून लकडा लावला. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होते. त्यांनी ब्लॅकमूर या स्वतःच्या जगात हीच पद्धत जादू आणि राक्षसांसह चालवली, आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा रोल-प्लेइंग गेम आणला. ड्रॅगन यायच्या आधी सौदेबाजी येऊन बसलेली होती.

गाठ कशी मारायची ते एका उदाहरणाने सांगते. राज्यात नदीला अवेळी पूर येतोय. नुसता पूर म्हणजे साहस: जा, नदीतल्या पिशाच्चाला गप्प करा, परत या. आता त्यात एक ओळ वाढवा. घराण्याच्या मूळपुरुषाने नदीशी करार केला होता, की प्रत्येक राज्याभिषेकाला त्याच्या रक्ताचा वारस काठावर शपथ घेईल आणि त्या बदल्यात नदी आपला काठ सोडणार नाही. आत्ताच्या राजाने शपथ घेतली आहे. तरी पूर येतोय.

एवढंच पुरतं. राजा त्या रक्ताचा नाही, हे पुराने चव्हाट्यावर आणलं. राजमातेला ते पहिल्यापासून ठाऊक आहे. चुलतभावाला पूर हवाच आहे, कारण बुडणारं प्रत्येक गाव त्याचा दावा बळकट करतं. बांध घालणाऱ्या मजुरांना रात्री पळवून लावणारी माणसं त्याचीच. सेनापतीला कोण खरा वारस याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याला उभं पीक वाचवायचंय, कारण उपाशी फौज बंड करते. आणि नदीला? तिला फक्त कराराशी मतलब. न्याय, दया, राज्याचं भलं, यातलं काही तिच्या हिशोबात नाही. आता खेळाडू पिशाच्चावर तलवार घेऊन धावले तरी ते राजकारणच करतायत, आणि दरबारात तोंड उघडलं तरी नदीबद्दलच बोलतायत.

कुठलाही अद्भुत प्रकार गोष्टीत आणायच्या आधी मी कागदाच्या डोक्यावर दोन प्रश्न लिहिते. यामुळे खुर्ची कोणाची हलेल? आणि हे थांबवायचं तर कोणाला काय सोडावं लागेल? उत्तरं सुचली नाहीत तर राक्षस कितीही देखणा असो, तो वहीतच राहतो.

विक्रम आणि वेताळाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा आठवून बघा. प्रेत खांद्यावर, मौन मोडलं की वेताळ परत झाडावर, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण शेवट फार जणांना आठवत नाही. ज्या साधूसाठी राजा हे ओझं वाहतोय, तो राजाचाच बळी देऊन स्वतः सत्ता मिळवायच्या बेतात आहे, आणि राजाला हे सांगतो कोण, तर वेताळ. कारस्थान भुताने फोडलं.

जादूने कारस्थान खाऊन टाकलं

माझी सुरुवातीची फजिती याच जातीची. कारस्थान माहिती दडवण्यावर जगतं आणि जादू माहिती उघडी पाडते. मन वाचणारा मंत्र, खोटं पकडणारं रिंगण, मेलेल्यांची साक्ष, भविष्य दाखवणारं पाणी. यातलं एक जरी खेळाडूच्या हातात असलं तरी सूत्रधाराला घाम फुटतो, आणि तो बंदी घालतो. खेळाडूने मात्र तो मंत्र दुसरं काहीतरी सोडून घेतलेला असतो. ऐन वेळी तो चालत नाही म्हणणं म्हणजे त्याच्या हातातला पत्ता फाडणं.

आधी नियम नीट वाचा. निम्मी भीती तिथेच उतरते. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत प्रेताशी बोलायचा मंत्र तिसऱ्या पातळीचा आहे. जास्तीत जास्त ५ प्रश्न. प्रेताचं तोंड शाबूत लागतं. एकदा विचारलं की १० दिवस त्याच प्रेतावर मंत्र पुन्हा चालत नाही. प्रेताला फक्त जिवंतपणी माहीत होतं तेवढंच माहीत, उत्तरं तुटक आणि कोड्यात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: विचारणारा वैरी वाटला तर खरं बोलायचं प्रेतावर बंधन नाही. सत्याचं रिंगण त्याहून खालचं, दुसऱ्या पातळीचं, १५ फूट त्रिज्येचं, १० मिनिटं टिकणारं. त्यात अडकलेल्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही. पण आपल्यावर मंत्र आहे हे त्याला कळतं, आणि उत्तर टाळायला तो मोकळा असतो.

म्हणजे माझ्या राजाला पाठीमागून विष घातलं असतं, तर त्याने संशय सांगितला असता, पुरावा नव्हे. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर!

यापुढची पायरी मला फार आवडते. हे मंत्र कालपरवा सापडलेले नाहीत, राज्यात दोनशे वर्षं वापरात आहेत असं धरा. मग लोक काय काय शिकले असतील? भाडोत्री मारेकरी काम झाल्यावर प्रेताचा जबडा फोडून जाईल. मग फुटलेला जबडा हाच धागा, कारण रागाच्या भरात मारणाऱ्याला हे सुचत नाही. मारणारा जाणकार होता, म्हणजे त्याला पैसे मोजणारा कोणीतरी आहे. राजदूताला खरा बेत न सांगताच पाठवतील, म्हणजे त्याला रिंगणात उभं करून फक्त त्याचा बावळटपणा हाती लागेल. आणि दरबारी माणसं बोलण्याची एक वेगळीच रीत पोसतील. "त्या रात्री मी राणीच्या महालात पाऊलही ठेवलं नाही." शंभर टक्के खरं. पालखी थेट आत नेली होती.

एकदा आमच्या खेळात खजिनदाराला रिंगणात उभं केलं. विषाची कुपी त्याच्या घरात सापडलेली.

"कुपी तुमची आहे का?"

"माझ्या घरात मला विष लागतं कशाला?"

"राजा मेला त्या रात्री तुम्ही कुठे होता?"

"माझ्यासारखा म्हातारा रात्री कुठे असणार?"

"तुम्ही राजाला मारलंत का?"

"ज्याने मला भिकेतून वर काढलं त्याला मी मारेन, असं वाटतं तुम्हाला?"

दोन खेळाडूंनी खजिनदार निर्दोष म्हणून लिहूनही घेतलं. तिसरी गप्प होती. मग तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "थांबा. याने दहा मिनिटांत एकही विधान केलेलं नाही. सगळे प्रश्नच विचारलेत." तेवढ्यात रिंगण विझलं. खजिनदार हसला, माझ्या तोंडून, आणि टेबलावर जो आरडाओरडा झाला तो कुठल्याही लढाईत झाला नव्हता.

आणखी एक. मंत्र टाकणारा कोण, याला दरबारात मंत्राइतकंच वजन असतं. रिंगणाचा परिणाम कोणावर झाला आणि कोण निसटलं, हे बघणाऱ्यांत फक्त टाकणाऱ्याला कळतं. मग तोच खोटं बोलला तर? ज्या राज्यात सत्य पुरोहितांच्या हातात आहे तिथे पुरोहित हाच सगळ्यात मोठा राजकीय पक्ष. तुमच्या जादूगार खेळाडूला हे हळूच जाणवू द्या, की दरबारात सगळे त्याला विकत घ्यायला टपलेत.

शेवटी सगळ्यामागे सैतानच

प्रधानाने फितुरी का केली? त्याच्या अंगात आलं होतं. युवराजाने बापावर शस्त्र का उचललं? शाप होता. राणी एवढी क्रूर का? ती राणी नाहीच, रूप घेतलेली दुसरीच कोणीतरी आहे.

एकदा ठीक, दुसऱ्यांदा मात्र खेळाडूंचा विश्वास उडतो. आठ सेशन्स त्यांनी प्रधानाचा स्वभाव, त्याची कर्जं, त्याचा दुखावलेला अभिमान समजून घ्यायला घातले, आणि तुम्ही सांगता की तो माणूस यात नव्हताच. त्याच्याशी भांडायचं काय, तडजोड काय करायची? आता फक्त ओझा बोलवायचा.

माझा नियम सरळ आहे: अद्भुताने देऊ करावं, निर्णय माणसाने घ्यावा. सैतान प्रधानाकडे येऊन म्हणतो, तुझ्या मुलीचा आजार घेतो, तू किल्ल्याची किल्ली दे. प्रधान रात्रभर विचार करतो आणि किल्ली देतो. आता त्याला पकडल्यावर काय करायचं यावर खेळाडूंमध्येच भांडण लागेल, आणि लागायलाच हवं.

जग बुडत असताना जकातीवर कोण भांडेल?

ही चूक उत्साहापोटी होते. अद्भुत धोका चढत्या भाजणीने मोठा करत नेला जातो: आधी एक गाव, मग राज्य, मग सूर्यच विझणार. सूर्य विझणार म्हटल्यावर सीमेवरचा वाद, वारसाहक्क, दोन घराण्यांचं लग्न, सगळं फोल वाटायला लागतं. खेळाडूच म्हणतात, "हे राजकारण सोडा हो, आधी सूर्य बघा." त्यांचं चुकतही नाही.

यातून सुटायच्या दोन वाटा मला माहीत आहेत. पहिली, धोका लहान आणि जवळचा ठेवणं. एका घराण्याचा शाप, एका किल्ल्यातलं भूत, एका कराराची मुदत. लहान धोक्यात प्रत्येकाला वेगळा फायदा दिसू शकतो, आणि राजकारण तिथेच उगवतं. दुसरी वाट अवघड, पण साधली तर सोनं: धोका मोठाच ठेवा, पण त्यावरचा उपाय वाटून घ्यावा लागेल असा करा. जग बुडणार हे सगळ्यांना मान्य आहे, नाव एकच आहे, आणि तिच्यात माणसं मोजकीच मावतात. आता यादी कोण करणार? जकातीवर भांडणारे लोक या यादीवर किती भांडतील विचार करा.

तिसरी वाट लोक नेहमी सुचवतात, ती म्हणजे दरबाऱ्यांना धोक्यावर विश्वासच न ठेवू देणं. एक-दोन सेशन्स ती चालते. पुढे दरबारी मठ्ठ वाटायला लागतात आणि मठ्ठ माणसांशी कारस्थान खेळण्यात मजा नाही.

सूत्रधाराला एकट्यालाच कळणारं कारस्थान

वहीत चौदा घराणी, साठ नावं, कोण कोणाचा मेहुणा याचे बाण. पडद्याआड रोज काहीतरी घडतंय. खेळाडूंना मात्र दिसतं ते एवढंच, की कोणीतरी अनोळखी माणूस कोणावर तरी रागावलाय.

पक्ष तीनच ठेवा, फार तर चार. प्रत्येकाला एकच चेहरा. त्या चेहऱ्याला काय हवंय, कशाची भीती वाटते आणि अद्भुताचं कोणतं देणं त्याच्या डोक्यावर आहे, एवढं लिहिलं की काम चालतं. बाकीची साठ माणसं लागतील तशी जन्माला येतील.

मग हालचाली दिसू द्या. जॉन हार्पर यांच्या 'ब्लेड्स इन द डार्क' या २०१७ मध्ये आलेल्या खेळातली घड्याळं यासाठी मला फार उपयोगी पडली. वर्तुळ काढायचं, त्याचे ४, ६ किंवा ८ भाग करायचे, आणि घटना पुढे सरकली की एकेक भाग रंगवायचा. मी ही वर्तुळं लपवत नाही. "चुलतभाऊ फौज जमवतोय" हे सहा भागांचं आणि "नदी काठ ओलांडते" हे आठ भागांचं, दोन्ही टेबलाच्या मधोमध. खेळाडू एक थांबवायला गेले की दुसरं पुढे सरकतं. दरबार की भुयार, हा निर्णय मग तेच घेतात, आणि उशिराची किंमतही तेच मोजतात.

धाग्यांच्या बाबतीत, अशा खेळांवर लिहिणारे जस्टिन अलेक्झांडर यांचा तीन धाग्यांचा नियम डोळे झाकून पाळावा: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असं वाटतं, त्याकडे नेणारे निदान तीन धागे पेरायचे. एक त्यांच्या नजरेतून सुटतो, एकाचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरा लागतो. मिश्र गोष्टीत मी त्यावर थोडी स्वतःची भर घालते. तीनातला एक धागा कागदात, एक माणसाच्या तोंडी, एक भुताकडे. म्हणजे जो खेळाडू ज्यात रमतो त्याच्या हाताला काहीतरी लागतं, आणि तिघांना एकमेकांशी बोलल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

आपसातली गुपितं, आणि "अंगात येणं"

अ‍ॅलन कॅलहॅमर यांचा 'डिप्लोमसी' हा पटावरचा खेळ १९५९ मध्ये बाजारात आला. त्यात फासे नाहीत. बोलणी करायची, शब्द द्यायचा आणि वेळ आली की मोडायचा. तिथे दगा हाच खेळ आहे आणि बसणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असतं. मिळून गोष्ट सांगताना तसं गृहीत धरू नका. एका खेळाडूला चिठ्ठी देऊन "तू गुप्तहेर आहेस" सांगायचं आणि सहा महिन्यांनी बाकीच्यांच्या पायाखालची जमीन काढायची, यात सूत्रधाराला जेवढी मजा येते तेवढी इतरांना येत नाही. मी एकदा केलंय. दोन जण पुढच्या वेळी आले नाहीत.

त्यापेक्षा गुपित टेबलावर उघडं ठेवा, पात्रांपासून लपवा. अमुक एक पात्र हेर आहे हे सगळ्या खेळाडूंना ठाऊक. त्यांच्या पात्रांना नाही. मग बाकीचे मुद्दाम त्या हेराला एकटं किल्ल्यावर पाठवतात, आणि पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळेच टेबलावर सगळे श्वास रोखून बसतात.

अद्भुत मिसळलं की यात एक जास्तीची काळजी येते. राजकारणात पात्राला फसवता येतं, पण पात्र खेळाडूच्याच हातात राहतं. भूत अंगात शिरलं, मन ताब्यात घेतलं, आठवणी पुसल्या, की तेही हातातून जातं. कोणाला हे आवडतं, कोणाला अजिबात चालत नाही, आणि कोण कोणत्या प्रकारातला आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. पहिल्या फाशाआधीच्या बैठकीत, ज्याला सेशन झिरो म्हणतात, तिथे सरळ विचारा. काय गोष्टीत येणारच नाही, त्यावर रेघ. काय घडेल पण वर्णन होणार नाही, त्यावर पडदा. खेळताना कोणाला अचानक नको वाटलं तर हात ठेवायला टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड. ही युक्ती जॉन स्टाव्हरोपोलस यांची. कार्डाला हात लागला की कारण विचारायचं नाही, ते बाजूला करून पुढे जायचं.

आणि अंगात आणायचंच असेल तर भूत खेळाडूलाच खेळू द्या. त्याच्या कानात सांगा की भुताला अमुक हवंय, कसं मिळवायचं ते तू बघ. आमच्याकडे एका भित्र्या लेखनिकाच्या अंगात मेलेला सेनापती आला, आणि त्या शांत मुलाने तासभर दरबार असा गाजवला की भूत उतरवायला कोणी तयार होईना.

लिहून खेळत असाल तर

इथे एकच दुखणं मोठं: वेळ. तलवारीचे चार वार लिहायला चार दिवस लागतात, आणि त्याच चार दिवसांत दरबारातल्या पात्रांनी दोन तह करून मोडलेले असतात. लढाई संपेपर्यंत दरबारवाल्यांना थांबवू नका आणि लढणाऱ्यांना पळवूही नका. दर काही दिवसांनी सगळ्यांसाठी एकच क्षण जाहीर करा: "आता पहाट झाली आहे." जो जिथे असेल तिथून पुढे. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, काय वाटलं हे आपण लिहायचं नाही, हा नियम कारस्थानात दुप्पट कडक लागतो. "माझं बोलणं ऐकून सेनापती विरघळला" हे सेनापती खेळणाऱ्यानेच लिहायचं.

खेळ आधीच बिघडला असेल तर

खेळाडू कोणावरच विश्वास ठेवत नसतील, पाणी देणाऱ्या पोरालाही उलटतपासणी करत असतील, तर तुम्ही दगे जास्त वाटलेत. एक माणूस द्या, जो खरंच भला आहे आणि शेवटपर्यंत भलाच राहतो. त्याला मारायचा मोह आवरा.

सगळे प्रश्न तलवारीने सुटत असतील, तर असं भूत आणा ज्याच्यावर तलवार चालत नाही पण जे सही करू शकतं. उलट, सगळे नुसते बोलतच बसले असतील तर घड्याळाचे दोन भाग एकदम रंगवा आणि दार फोडून काहीतरी आत येऊ द्या.

आणि चूक तुमचीच असेल तर ती तशी सांगा. गोष्टीच्या आतून झाकायला गेलात की एका ठिगळाला दहा ठिगळं लागतात. मी त्या राजवाड्याच्या "जुन्या संरक्षणा"चा इतिहास रचायला बसले होते. कोणी बांधलं, कधी बांधलं, दोन पानं झाली. मग वही मिटली.

पुढच्या सेशनला मी म्हटलं, "मागच्या वेळी मी घाबरून थाप मारली. संरक्षण वगैरे काही नाही. मंत्र चालला. भर दरबारात प्रेताने डोळे उघडलेत. विचार."

मैत्रीण सावरून बसली. "तुला कोणी मारलं?"

"पेला… भावाने दिला."

युवराज ओरडला, धाकट्या भावाने तलवारीला हात घातला, राणी मटकन खाली बसली. टेबलावर विजयाचा आवाज उठायच्या आत मी प्रधानाला उभं केलं. तो ना भावाकडे बघत होता ना राणीकडे. पुरोहिताकडे बघत होता.

"पाचातला एक प्रश्न संपला," प्रधान म्हणाला. "तोंड पुरोहिताचं असेल. पण उरलेले चार प्रश्न कोणाचे, हे ठरवणार कोण?"

क्षणभर शांतता. मग सहा जण एकदम बोलायला लागले. राणीला राजमुद्रेबद्दल विचारायचं होतं, सेनापतीला मृत्युपत्राबद्दल, भाऊ पुरोहिताला एका प्रश्नाचे किती हवेत ते सांगायला लागला. आणि मागच्या वेळी ज्याने कंटाळून फोन उघडला होता, त्याने याही वेळी फोन काढला. दहा मिनिटांचा टायमर लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.